वेगाची की उपयोगाची? वापरलेली लहान मोटार निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘स्पोर्टी’ आणि ‘उपयोगी’ या दोन गाड्या खरोखरच वेगळ्या असतात का?

बहुतेक वेळा त्या सख्ख्या बहिणी असतात. अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली मिनी १९५९ मध्ये आली, तेव्हा इंजिन आडवे बसवून आणि पुढची चाके चालवून जेमतेम तीन मीटर लांबीच्या गाडीत चार माणसांची सोय करणे, एवढाच हेतू होता. दोनच वर्षांनी तिच्यातून मिनी कूपर निघाली आणि १९६४, १९६५ व १९६७ अशी तीन वर्षे माँटे कार्लो रॅली याच कुटुंबातल्या गाड्यांनी जिंकली. फोक्सवॅगन गोल्फचेही तसेच झाले: १९७४ ची साधी कौटुंबिक हॅचबॅक १९७६ मध्ये ११० अश्वशक्तीचे इंजिन घेऊन ‘जीटीआय’ म्हणून बाजारात आली, पण तिची डिकी, दरवाजे आणि मागची बैठक तीच राहिली.

म्हणून जुन्या बाजारात आपल्यासमोर येणारा पेच बहुधा एकाच सांगाड्याच्या दोन रूपांमधला असतो. फरक इंजिनात, ब्रेकमध्ये, स्प्रिंग व शॉक अॅब्सॉर्बरमध्ये, चाकांच्या मापात, गिअरच्या गुणोत्तरांत आणि पुढच्या आसनांच्या घडणीत असतो. हे सगळे भाग झिजणारे आहेत, ही गोष्ट पुढची उत्तरे वाचताना ध्यानात असू द्यावी.

स्पोर्टी गाडी जुनी झाल्यावर साध्या गाडीच्या भावात मिळते. मग ती का घेऊ नये?

गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत तशी उतरत नाही. आठ-दहा वर्षांची वेगवान हॅचबॅक आज नव्या साध्या हॅचबॅकहून बरीच स्वस्त मिळाली, तरी तिला लागणाऱ्या मोठ्या ब्रेक डिस्क, रुंद व बुटके टायर, टर्बोचार्जर, क्लचबरोबर येणारे ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिनाची थरथर शोषणारे दुपदरी जड चक्र) आणि असल्यास विजेवर कडकपणा बदलणारे शॉक अॅब्सॉर्बर हे सारे तिच्या मूळ दर्जाच्याच भावाने घ्यावे लागते. शिवाय हे भाग जवळजवळ एकाच सुमारास, म्हणजे नेमके दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती गाडी आल्यावर, बदलायला येतात. विक्रेत्याने किंमत एवढी का उतरवली याचे उत्तर पुष्कळदा यातच असते.

याचा अर्थ ती घेऊच नये असा नाही. खरेदीसाठी ठरवलेली सगळी रक्कम गाडीवरच न संपवता तिचा एक भाग पहिल्या वर्षातल्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवता येत असेल, तर व्यवहार शहाणपणाचा ठरू शकतो. तसा भाग उरत नसेल, तर त्याच पैशांत कमी वयाची साधी गाडी घ्यावी, असे मी निःसंकोचपणे सुचवेन. विम्याचा हप्ता आणि अधिक ऑक्टेनच्या, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेणाऱ्या, पेट्रोलचा खर्चही खरेदीआधीच विचारून घ्यावा. इंधनाचा किमान ऑक्टेन आकडा बहुतेक गाड्यांत इंधनटाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस छापलेला असतो.

आपली गरज कोणती, हे प्रामाणिकपणे कसे ओळखावे?

मागच्या महिन्याभरातले आपले प्रवास कागदावर लिहून काढावेत: कोठे, किती अंतर, गाडीत किती माणसे, सामान काय, गाडी कोठे उभी केली. माणूस गाडी निवडताना वर्षातून दोनदा होणाऱ्या लांबच्या सहलीची कल्पना करतो आणि रोजच्या वीस मिनिटांच्या कोंडीचा त्याला विसर पडतो. उलटही घडते. एकटाच प्रवास करणारा माणूस ‘कधीतरी लागेल’ म्हणून मोठी डिकी आणि उंच छत घेतो, आणि मग वळणावळणाच्या ज्या रस्त्यावरून तो रोज जातो त्याचा आनंद त्याच्या वाट्याला येत नाही. वर्षातून दोनदा लागणारी जागा भाड्याच्या गाडीने भागवता येते, पण रोजची गैरसोय भाड्याने टाळता येत नाही.

जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त मजा, हे खरे का?

अश्वशक्तीचा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. तो वजनाने भागून पाहावा. पहिल्या गोल्फ जीटीआयचे वजन साधारण ८१० किलो होते, म्हणजे तिच्या वाट्याला टनामागे सुमारे १३६ अश्वशक्ती येत होती. आज १५० अश्वशक्तीची पण १३५० किलोची एखादी नवी हॅचबॅक घेतली, तर हाच आकडा १११ वर येतो. याउलट २०१७ मध्ये आलेल्या पिढीतली सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट १४० अश्वशक्तीची असूनही टनापेक्षा हलकी आहे, आणि म्हणूनच कागदावर तिच्याहून बलवान दिसणाऱ्या गाड्यांना ती मागे रेटते.

पिकअप हा मजेचा एक भाग झाला. उरलेला भाग स्टिअरिंगच्या उत्तरात, ब्रेकच्या पेडलाच्या भरवशात आणि गिअरच्या दांड्याच्या हालचालीत असतो. हलकी, मध्यम ताकदीची गाडी कायद्याच्या मर्यादेतल्या वेगातच आपले गुण दाखवते. २५० अश्वशक्तीची गाडी मात्र सार्वजनिक रस्त्यावर बहुतेक वेळ अर्ध्या झोपेत असते, आणि तिला जागे करण्याचा मोह धोक्याचा असतो.

मोठी चाके दिसायला छान असतात. त्यांचा खरा परिणाम काय होतो?

टायरवरचे आकडे वाचता आले की हा प्रश्न सुटतो. १९५/६५ आर १५ या मापात टायरची रुंदी १९५ मिलिमीटर आणि बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर असते. २२५/४५ आर १७ मध्ये ती भिंत १०१ मिलिमीटर होते आणि २२५/४० आर १८ मध्ये केवळ ९०. तिन्ही चाकांचा एकूण व्यास मात्र ६३४ ते ६३७ मिलिमीटरच्या आत राहतो, त्यामुळे तिन्ही मापे एकाच सांगाड्याच्या गाडीला बसू शकतात. रिम जेवढा मोठा होतो तेवढे हवेवर चालणारे रबर कमी होते, आणि खड्ड्याचा जो धक्का पूर्वी रबर सोसत असे तो रिम, सस्पेन्शन व शेवटी आपली पाठ सोसू लागते.

वळणावर बुटका टायर कमी डोलतो, स्टिअरिंगला चटकन उत्तर देतो, हा लाभ खराच आहे. पण रस्ते खराब असतील तर अलॉय रिमला तडा जाणे किंवा टायरच्या भिंतीवर फुगा येणे या नित्याच्या तक्रारी ठरतात. गाडी पाहायला गेल्यावर प्रत्येक रिमची आतली कडाही हात फिरवून तपासावी, कारण बाहेरची बाजू विकण्यापूर्वी रंगवलेली असू शकते. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे त्याच्या जन्माचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार चाकांना चार वेगवेगळ्या कंपन्यांचे स्वस्त टायर चढवलेली स्पोर्टी गाडी दिसली, तर मालकाने न दिसणाऱ्या भागांवरही असाच हात आखडला असणार, असे धरून चालावे.

मागच्या मालकाने गाडी कशी चालवली, हे कशावरून ओळखावे?

माझ्या मते सर्वाधिक वेळ याच तपासणीला द्यावा. गाडी पाहायला येण्यापूर्वी इंजिन सुरू करू नका, असे विक्रेत्याला आधीच सांगून ठेवावे, आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून पाहावा. सांगूनही बॉनेट कोमट लागले, तर त्याचे कारण विचारणे भाग आहे. थंड इंजिन सुरू होताना इंजिनातल्या झिजलेल्या टायमिंग साखळीचा (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) खडखडाट ऐकू येतो आणि धुराचा रंगही तेव्हाच नीट कळतो. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळत आहे. गाडी तापल्यानंतरही न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे.

क्लच तपासायला एक साधी रीत आहे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने चालवत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचे फेरे झटकन वाढले आणि त्या मानाने वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. गिअर पहिल्यातून दुसऱ्यात, आणि विशेषतः तिसऱ्यातून पुन्हा दुसऱ्यात टाकताना खरखर झाली, तर घाईघाईने गिअर बदलण्याच्या सवयीने दुसऱ्या गिअरचे सिंक्रोनायझर (गिअर बदलताना फिरत्या भागांचा वेग जुळवणारा भाग) झिजले आहे असे समजावे. पुढच्या टायरांच्या फक्त आतल्या कडा घासल्या असतील, तर चाकांची अलाइनमेंट बिघडली आहे किंवा गाडी खाली बसवली गेली आहे. ब्रेक डिस्कच्या बाहेरच्या काठाला नखाने जाणवेल असा ओठ आला असेल, तर डिस्क बरीच झिजली आहे. तिच्यावर निळसर छटा असेल, तर ती अतिशय तापली होती.

ओडोमीटरच्या आकड्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नये. चालकाच्या आसनाची दरवाज्याकडची कड, गिअरच्या दांड्याची मूठ, स्टिअरिंगवरचे चामडे आणि पेडलांचे रबर हे चार साक्षीदार एकमेकांशी आणि त्या आकड्याशी जुळले पाहिजेत. सर्व्हिसिंगच्या नोंदींमध्ये किलोमीटर क्रमाने वाढत गेलेले दिसले पाहिजेत.

शेवटची तपासणी स्कॅनरची. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) जोडल्यावर बिघाडाचे कोड दिसले नाहीत म्हणून लगेच समाधान मानू नये. त्याच पडद्यावर प्रदूषण नियंत्रणाच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, हेही पाहावे. कोड पुसले किंवा बॅटरी काढली की या चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवू लागतात, आणि काही दिवस चालवल्याशिवाय पुन्हा पूर्ण होत नाहीत. अनेक चाचण्या अपूर्ण असतील, तर कोणीतरी नुकतेच काहीतरी पुसले असावे. बॅटरी कालच बदलली, हे कारण दिले गेल्यास बॅटरी खरोखरच नवी आहे का ते पाहावे.

मॉडिफाय केलेली गाडी घ्यावी का?

शक्यतो घेऊ नये. इंजिन चालवणाऱ्या संगणकातली आज्ञावली बदलून, म्हणजे रिमॅपिंग करून, इंजिनाची ताकद वाढवली, तरी क्लच, गिअरबॉक्स आणि कूलिंग मूळ ताकदीसाठीच आखलेले राहतात. विकण्यापूर्वी गाडी मूळ स्वरूपात परत आणली जाते, पण डॅशबोर्डवर जादा मीटरसाठी पाडलेली भोके, जोडकाम केलेल्या वायरी आणि सायलेन्सरच्या जोडाजवळचे ताजे वेल्डिंग लपत नाही. विमा घेताना न सांगितलेला बदल पुढे दावा नाकारला जाण्याचे कारण होऊ शकतो, हेही आहेच.

लहान टर्बो इंजिन बरे की जुन्या पद्धतीचे बिनटर्बोचे?

टर्बो म्हणजे धुराच्या झोताने फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. शहरातल्या वापरात टर्बोचा जोर कमी फेऱ्यांपासून मिळतो आणि वारंवार गिअर बदलावा लागत नाही, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याचे बेअरिंग इंजिनाच्या तेलावरच जगते. ज्या मालकाने ऑइल बदलण्यात चालढकल केली, त्याच्या टर्बोचे आयुष्य त्याच प्रमाणात घटले असते. म्हणून ऑइल बदलल्याच्या पावत्या नसलेले टर्बो इंजिन मी तरी घेणार नाही.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत आणखी एक अडचण आहे. जुन्या पद्धतीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून धुवत जात असे. आता ते तेथे पोहोचतच नाही, त्यामुळे व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी साचते आणि थंड इंजिन अडखळत चालते. ती काढण्यासाठी अक्रोडाच्या कवचाचा भुगा दाबाने मारण्याची पद्धत आहे, मात्र त्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड खोलावा लागतो. काही लहान टर्बो इंजिनांत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा) तेलातच फिरतो. चुकीचे तेल वापरल्यास त्याचे रबर सुटत जाते आणि त्याचे तुकडे तेल ओढून घेणाऱ्या नळीची जाळी बुजवतात. बेल्ट कोणत्याही प्रकारचा असो, तो किलोमीटरप्रमाणेच वयानेही बदलायचा असतो. ‘गाडी फारशी चाललीच नाही’ हे उत्तर तेथे चालत नाही.

बिनटर्बोचे साधे इंजिन चढावर दमते, भरलेल्या गाडीला खालच्या गिअरमध्ये ठेवावे लागते, पण त्यात बिघडण्याजोग्या वस्तूच कमी असतात.

गिअरबॉक्स कोणता निवडावा?

मॅन्युअल असेल तर वर सांगितलेल्या चाचण्या पुरेत. टॉर्क कन्व्हर्टरचा, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारा, पारंपरिक ऑटोमॅटिक संथ असला तरी सोशिक असतो. सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी गुणोत्तर सलग बदलणारा गिअरबॉक्स, रोजच्या वापरात गुळगुळीत चालतो, मात्र त्याचे तेल ठरल्या वेळी बदलल्याची नोंद पाहावी. फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ आर ३२ मध्ये आणलेल्या डीएसजीमुळे दुहेरी क्लचचा (आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स सामान्य गाड्यांपर्यंत पोहोचला. त्याचे गिअर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बदलतात. त्यातही तेलात बुडालेले क्लच आणि कोरडे क्लच असे दोन प्रकार आहेत. कोंडीत गोगलगायीच्या गतीने पुढे सरकताना कोरडा क्लच तापतो व लवकर झिजतो. म्हणून दुहेरी क्लचची गाडी पाहताना सपाटीवर फक्त ब्रेक सोडून ती अलगद सरकवून पाहावी. थरथर किंवा हिसके जाणवले, तर किंमत कितीही मोहाची असली तरी पुढच्या गाडीकडे वळावे.

डिकीचे लिटर तुलनेला पुरेसे असतात का?

नाही. हे लिटर प्रचलित जर्मन पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटरचे एकेक लिटरचे ठोकळे रचून मोजतात. सुटकेस, घडीची बाबागाडी किंवा वाद्याची पेटी ठोकळ्यांसारखी कोपऱ्याकोपऱ्यात बसत नाही. आपल्याला नेहमी न्यावी लागणारी सर्वांत अडचणीची वस्तू बरोबर नेऊन डिकीत ठेवून पाहावी, हा उत्तम मापदंड. डिकीचा उंबरठा किती उंच आहे, मागची आसने दुमडल्यावर जमीन सपाट होते का, याचा रोज उपयोग होतो आणि ते माहितीपत्रकातल्या आकड्यात दिसत नाही.

उपयोगीपणा कल्पकतेने कसा साधता येतो याचा नमुना २००१ मधली होंडा फिट, अर्थात अनेक देशांतली जॅझ. तिची इंधनटाकी पुढच्या आसनांखाली असल्यामुळे मागच्या आसनाची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलता येते आणि कुंडीतले उंच झाड उभेच नेता येते. स्पोर्टी आवृत्तीत मात्र चारही चाके चालवणारी यंत्रणा किंवा मोठी बॅटरी मागे असल्यास डिकी उथळ होते, आणि स्टेपनीच्या जागी पंक्चरचे किट असते. तीन दरवाजांची आवृत्ती देखणी असली, तरी लहान मुलाला मागच्या आसनात बांधण्याचा प्रसंग दिवसातून दोनदा येत असेल, तर महिन्याभरात तिच्यावरचे प्रेम ओसरते.

उपयोगी गाडी कंटाळवाणीच असते का?

असा समज आहे, पण तो चुकीचा आहे. १९९८ च्या पहिल्या फोर्ड फोकसमध्ये साध्यात साध्या आवृत्तीलाही मागे प्रत्येक चाक अनेक दांड्यांनी स्वतंत्र सांभाळणारे मल्टिलिंक सस्पेन्शन होते, जेव्हा त्या वर्गातल्या अनेक गाड्या मागे दोन्ही चाके जोडणाऱ्या साध्या टॉर्शन बीमवर (पिळ सोसणाऱ्या आडव्या दांड्यावर) भागवत होत्या. म्हणजे चांगला सांगाडा आणि साधे इंजिन ही जोडी जुन्या बाजारात मिळते, आणि ज्याला दोन्ही हवे आहे त्याच्यासाठी मी तीच पहिली शोधेन. सर्वांत ताकदवान आवृत्तीच्या एक पायरी खालची ‘कोमट’ आवृत्ती हाही चांगला मार्ग आहे: तिचे ब्रेक व टायर माफक मापाचे असतात आणि तिला पहिल्या मालकाने शर्यतीच्या ईर्ष्येने चालवलेले असण्याची शक्यता कमी असते. दमलेले शॉक अॅब्सॉर्बर बदलून चांगले टायर चढवले, तर पुष्कळ साध्या गाड्या ओळखू येणार नाहीत इतक्या सुधारतात.

साधी गाडी नेहमीच अधिक भरवशाची असते, हे तरी खरे ना?

तेही सरसकट खरे नाही. हौशी मालकाची स्पोर्टी गाडी पुष्कळदा प्रत्येक पावतीसह, योग्य प्रतीच्या तेलावर चाललेली असते. उलट अनेक चालकांच्या हाती फिरलेली कार्यालयीन हॅचबॅक कोणाचीच नसते. लहानलहान फेऱ्यांपुरती वापरलेली डिझेल गाडी विशेष जपून पाहावी. तिच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करण्यासाठी लांब पल्ल्याची उष्णता मागतो, आणि ती न मिळाल्यास तुंबतो. ब्रेकचे द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. ते सहसा दोन वर्षांनी बदलायचे असते, आणि उपयोगी गाड्यांत नेमके हेच काम विसरले जाते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन्हींत फरक असतो का?

सांगाडा एकच असल्यास टक्करीतला फरक थोडा असतो. गाडीच्या वयाने पडणारा फरक मोठा असतो. गाड्यांची टक्कर-चाचणी घेऊन त्यांना तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेचे काम १९९७ पासून चालू आहे आणि त्याचे निकष वेळोवेळी कडक होत गेले, त्यामुळे जुने पाच तारे आणि नवे पाच तारे यांची बरोबरी करता येत नाही. इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण (गाडी घसरू लागल्यास एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा) अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलवर्षापासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांत ते पुष्कळदा महागड्या आवृत्तीतच मिळत असे. अशा जुन्या जोडीत स्पोर्टी गाडी अधिक सुरक्षित निघणे शक्य आहे.

चाचणीसाठी गाडी किती वेळ चालवावी?

निदान चाळीस मिनिटे, आणि विक्रेत्याच्या सोयीच्या गुळगुळीत रस्त्याऐवजी आपल्या रोजच्या रस्त्यासारख्या खडबडीत वाटेवर. निम्मा वेळ स्वतः मागच्या आसनावर बसावे, कारण कडक स्प्रिंग आणि सायलेन्सरचा घुमणारा आवाज चालकाला जेवढा सुखावतो तेवढाच मागे बसलेल्याला पिडतो. घरातले जे कोणी ती गाडी चालवणार असतील त्यांनाही तेव्हाच चालवायला द्यावी. खोल आसन आणि अरुंद मागची काच एकाला आवडते, तर दुसऱ्याला गाडी मागे घेताना घाम फोडते.

दोन्ही गाड्या पसंत पडल्या आणि निर्णय होत नसेल तर?

ज्या गाडीची कागदपत्रे अधिक पूर्ण असतील ती घ्यावी. चेसिस क्रमांक १७ अक्षरे व अंकांचा असतो; तो काचेखालच्या पट्टीवर, दरवाज्याच्या चौकटीवर आणि नोंदणीच्या कागदावर एकच असला पाहिजे. तो क्रमांक कंपनीच्या सेवाकेंद्राला देऊन गाडीवर एखादे रिकॉलचे काम (दोष निघाल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून करायची दुरुस्ती) बाकी आहे का, हे विचारून घ्यावे. असे काम कंपनी सहसा मालकाकडून पैसे न घेता करते, मग ती गाडी कितव्या मालकाच्या हातात असो.